वर सरकणारं फूल

पाखरकड्याचा पायथा, ता. अकोले
भाद्रपद संपत आलाय

प्रिय राजेश्वरी,

अख्खं कॉलेज तुला राजी म्हणायचं आणि मी एकटा पूर्ण नावाने हाक मारायचो, त्यावरून तू चिडायचीस. आजही पूर्णच लिहितोय. चिडलीस तर चिड, पण शेवटपर्यंत वाच. फोन का केला नाही असं तुझ्या मनात येईल. एक तर इथे रेंज मिळते ती कड्याच्या माथ्यावर. आणि दुसरं कारण तुला माहीत आहे, फोनवर माझा आवाज चढतो. कागदावर चढला तर निदान खोडता तरी येतो. मनकर्णामावशीच्या पडवीत बसून लिहितोय. पायथ्याच्या वाडीत माझं राहणं-जेवणं तिच्याकडेच असतं, तुलाही तिने नाचणीची भाकरी खिलवली होती. मघाशी येऊन डोकावली आणि म्हणाली, "त्या पुण्याच्या पोरीला लिवतोय व्हय? आरं, आमच्या वाडीवरनं पत्र पोचंस्तवर तिला लेकरं हुतील." मी म्हटलं, होऊ देत, लेकरांना वाचून दाखवेल. ती हसत चुलीकडे गेली.

पेपरातला तुझा फोटो इथेही पोचला. कोणा ट्रेकरने भाकरी बांधून आणलेला तो कागद होता. मावशीने तेलाचा डाग टाळून तुला कापून घेतलं आणि कणगीच्या वर चिकटवलं. "थंडाव्याच्या शोधात फूल निघालं डोंगरमाथ्याकडे" असं मोठ्या अक्षरात लिहिलंय आणि खाली तुझी ती रेष. पहिल्या वर्षी कंदीलपुष्प कड्यावर किती खालपर्यंत होतं, दुसऱ्या वर्षी किती वर गेलं, तिसऱ्या वर्षी आणखी किती. जिन्यासारखी चढत जाणारी रेष. मला ती पाठ आहे, कारण तिच्यातले बहुतेक ठिपके मी दोरावर लोंबकळून गोळा केलेत. तू संगमनेरला आमच्या गिर्यारोहण क्लबात आली होतीस तो दिवस आठवतो. शास्त्रज्ञ डोंगराच्या पायथ्याशी जातात आणि माथ्यावर जातात, मधला कडा कोण बघणार, तुम्ही नाहीतरी हौसेने लोंबकळता, तर लोंबकळताना डोळे उघडे ठेवा, असं तू म्हणालीस. सगळे हसले. मग तू गंभीर झालीस आणि सांगितलंस की डोंगरावरची हवा तापायला लागली तर सगळ्यात आधी कळेल ते अशा चिमूटभर मातीत जगणाऱ्या झाडांना, आणि त्यांच्यापर्यंत फक्त आमचे दोर पोचतात. त्या दिवशी आमच्या हौसेला पहिल्यांदा कोणीतरी काम म्हटलं. प्रत्येक टप्प्यावर फोटो, मापासाठी शेजारी कॅराबिनर म्हणजे दोराची कडी टांगायची, फटीत ठेवलेल्या, तापमान टिपणाऱ्या बटणाएवढ्या यंत्रांची नोंद उतरवून घ्यायची. आणि तुझा नियम: दिसलं ते लिही, दिसलं नाही तेही लिही.

मी तो नियम पाळला. हो, मी कॉलेज अर्धवट सोडलं, प्रॅक्टिकलला सरांनी सगळ्यांसमोर माझ्या बापाच्या ऊसतोडीच्या कोयत्याचा उल्लेख केला म्हणून फाईल टेबलावर टाकून निघालो तो परत गेलो नाही. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण संगमनेरच्या स्टँडवर तू जे बोललीस ते मात्र अजून खुपतं. पुण्याची गाडी लागलेली, तू खिडकीत, मी खाली. तू म्हणालीस, "अंगद, तुला चढता येतं. थांबता येत नाही." गाडी हलली आणि मी उत्तर शोधत तिथेच उभा. तेव्हापासून दर पावसाळ्यात मी याच कड्याला आलोय, कोणी सोबत असो नसो. उत्तर म्हणूनच आलोय असं समज.

आता मुद्द्यावर येतो. गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात मी माथ्यावरून उतरत होतो. पाऊस नव्हता, पण कडा घामेजल्यासारखा ओला होता. वरच्या टप्प्यांवर फुलं होती, नेहमीसारखी, हिरवट पोट आणि वर जांभळट जाळी, वाऱ्याने हलणारे कंदील. मधल्या टप्प्यापासून खाली काही नाही. मी इमानदारीत "दिसलं नाही" असं लिहीत उतरत होतो. खालून तिसऱ्या टप्प्याच्या जरा वर शेवाळावरून पाय सटकला. पडलो नाही, घाबरू नकोस, दोर पक्का होता. पण झोका बसला. घड्याळाच्या लंबकासारखा उजवीकडे गेलो, कड्याची ती नाकासारखी धार आहे ना, तिला वळसा घालून पलीकडच्या खोबणीत जाऊन आदळलो. त्या खोबणीत आजवर आपल्यापैकी कोणी गेलंच नव्हतं, कारण तिथून वाट नाही आणि मजाही नाही. खांदा चोळत डोळे उघडले तर तोंडासमोर, अगदी नाकाला लागेल एवढं जवळ, कंदीलपुष्प. त्याच्या शेजारी आणखी एक. खाली वाकून पाहिलं तर आणखी खालच्या फटीतही. रिकाम्या टप्प्याच्या बरोबरीच्या उंचीवर, तोच कडा, तोच दगड, तीच दिशा, आणि फुलांची ओळच्या ओळ. राजेश्वरी, तिथे लोंबकळत मी आधी आनंदाने ओरडलो. मग तुझी ती रेष आठवली.

थंडाव्यासाठी फूल वर निघालं असेल, तर हातभर पलीकडचं फूल का निघालं नाही?

खाली आलो तो तसाच संगमनेरला गेलो, कानिफदादाकडे. तू त्याला ओळखतेस ते क्लबचा म्होरक्या म्हणून. माझ्यासाठी तो आमच्या तिसगावचा, विजेच्या खांबावर चढणारा वायरमन, ज्याने मला पहिला दोर बांधला. पाखरकड्याच्या पायथ्यापासून वर जाणारी चढाईची वाट त्याचीच. दर हिवाळ्यात तो ती एकेक टप्पा वर वाढवत आलाय, दोर अडकवायला खडकात बोल्ट ठोकत, आणि एक दिवस माथा गाठायचा हे त्याचं स्वप्न. मी त्याच्या दुकानात वायरींच्या भेंडोळ्यात बसलो आणि खोबणीतली फुलं मोबाईलवर दाखवली. त्याने चष्मा वर करून पाहिलं आणि सहज म्हणाला, तिथं कुणी झाडलं नसंल. मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, झाडलं म्हणजे? तो म्हणाला, "आरं, चढायच्या आधी टप्पा झाडावा लागतो का न्हाई? माती, गवत, सुटे दगड. पहिला गडी वर चढतो, त्याच्या पायाखालचं सगळं खालच्याच्या टाळक्यात. पौषात तिथं काय असतं? वाळकं गवत. इळ्यानं काढायचं, तारेच्या ब्रशनं घासायचं, मग बोल्ट." मी विचारलं, मातीत काही गड्डे निघायचे का? त्याने आठवून सांगितलं, हो, बारक्या बटाट्यासारखे, खाली टपाटपा पडायचे, पोरं ते एकमेकांना फेकून मारायची.

तू वनस्पतीवाली आहेस, तुला पुढचं सांगायला नको. पावसाळ्यात वर दिसतं ते फूल, आणि बाकीचं वर्षभर ते त्या गड्ड्यात झोपलेलं असतं. दादाने दर हिवाळ्यात एक टप्पा झाडला आणि दर पावसाळ्यात तुला आणि मला त्या टप्प्यावर फूल दिसलं नाही. ती जिन्यासारखी रेष फुलाची नाही. ती कानिफदादाच्या चढाईची आहे.

मी दुकानात काय काय बोललो ते लिहीत नाही. तुला माझं तोंड माहीत आहे. दादाने सगळं ऐकून घेतलं, आणि मग एवढंच विचारलं की टप्पा न झाडता तो चढला असता, आणि दगड खाली दोर धरलेल्या पोराच्या डोक्यात गेला असता, तर मी त्याला काय म्हणालो असतो? तो चुकला म्हणावं तर आमच्यात प्रत्येक जण हेच करतो, हेच शिकवतो, न झाडता चढणाऱ्याला आम्ही बेजबाबदार म्हणतो. मग दादाने दुसरं सांगितलं ते जास्त टोचलं. कड्यावर बोल्ट मारायची परवानगी क्लबला मिळालीय ती तुझ्या अभ्यासामुळे. हे बाहेर आलं तर परवानगी जाईल आणि त्याची वाट अर्ध्यावर राहील. तो म्हणाला, एवढा एक हिवाळा गप्प बस, माथा होऊ दे. मी उठून निघालो. मागून त्याने हाक मारली, मी वळलो नाही.

आता तू म्हणशील, तू तीन वर्षं त्या कड्यावर आहेस, हिवाळ्यात तुला एकदाही दिसलं नाही? नाही दिसलं. दिवाळी झाली की मी तिथे नसतोच. दिवाळीनंतर आमचं तिसगाव निम्मं रिकामं होतं. आई-वडिलांबरोबर मीही उसाला जातो. आई मोळ्या बांधते, वडील तोडतात, मी तोडतो आणि गाडीत भरतो. आणि तू हिवाळ्यात पुण्यात प्रयोगशाळेत. पावसाळ्यातले आपण आणि हिवाळ्यातले ते, एकाच कड्यावर. एकमेकांचे दोर कधी भेटलेच नाहीत. कुठल्याही पुस्तकी माणसाला वाटेल कड्यावर सतत नजर आहे. होतीच, पण अर्धं वर्ष एकाची आणि अर्धं वर्ष दुसऱ्याची.

उसाचं निघालंय म्हणून सांगतो, कधी सांगणार नव्हतो. गेल्या हिवाळ्यात आमची टोळी कोपरगावला उतरली होती. टोळीने घेतलेला फड तुझ्या काकांचा होता हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. संक्रांतीला तू घरी आली होतीस. पिवळ्या साडीत, मैत्रिणींबरोबर वाणाचं ताट घेऊन बांधावरून गेलीस. मी डोक्यावर मोळी घेऊन ट्रॅक्टरच्या फळीवर चढत होतो. मोळी डोक्यावर असली की मान वळत नाही, म्हणून तुला नीट पाहताही आलं नाही. हाक मारली असती तर तू थांबली असतीस, हे मला माहीत आहे. तू तशीच आहेस. पण मोळी खाली टाकून तुझ्याशी बोलायचं, की बोलून झाल्यावर परत मोळी उचलायची, यातलं काहीच मला जमलं नसतं. आईने पाहिलं. संध्याकाळी तिने भाकरीवर तिळगुळाचा खडा ठेवला. कोणीतरी मालकाच्या घरून पाठवला होता म्हणे. तो तुझ्या हातचा असेल असं समजून मी खाल्ला. हस हवं तर.

संगमनेरहून परत आल्यावर मी एकटाच खोबणीत उतरायचं ठरवलं. वरून दुसरा अँकर, म्हणजे दोर बांधायचा आधार, लावायचा, आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत न झाडलेल्या कड्याचा प्रत्येक टप्पा तुझ्या नियमाने नोंदायचा. एकट्याने उतरायचं नाही हा नियम मीच नव्या पोरांना शिकवतो, पण डोकं तापलं होतं. पहाटे माथ्यावर पोचलो तर अँकरच्या दगडाशी कानिफदादा बसलेला. दुकानाला कुलूप लावून आला होता. मावशीने त्याला रस्त्यातच चहा पाजून मी वर जाणार असल्याचं सांगितलं होतं, आणि वर "तुमचं ते येडं प्वार" असंही. त्याने माझ्या कमरेचा हार्नेस ओढून तपासला, एक गाठ सोडून पुन्हा बांधली. मी कडेला पाय सोडले तेव्हा म्हणाला, "लिही. माझं नाव घालून लिही. कानिफनाथनं कडा झाडला, असंच लिही." मी म्हटलं, दादा, माथा? तो म्हणाला, "माथा कुठं पळतोय? दोरावर ध्यान ठेव."

दिवसभर उतरलो. तो वरून दोर सोडत होता, मी खालून ओरडून आकडे सांगत होतो. खोबणीत फूल माथ्यापासून जवळजवळ पायथ्यापर्यंत आहे. अगदी खालच्या फटींत रोपं खुरटी आहेत, काहींची फुलं आधीच गळून शेंगा धरल्यात, वरच्यांना मात्र अजून कळ्या आहेत. हेही लिहिलंय. तापमानाची दोन बटणं झाडलेल्या बाजूवरून काढून खोबणीत ठेवली. आठवडाभराने ती आणि झाडलेल्या बाजूला राहिलेली, दोन्ही वाचली तर दोन्हीकडची हवा सारखीच निघाली. म्हणजे ऊन दोन्ही बाजूंना तेच आहे. ऊन खोटं नाही, राजेश्वरी. मावशीच्या वाडीतला झरा पूर्वी शिमग्यापर्यंत टिकायचा, आता त्याच्या कितीतरी आधी बायका खाली ओढ्याला उतरतात, ते मी कोणाच्या रेषेशिवायही बघतो. खालच्या रोपांचं आधीच फुलून जाणं कदाचित त्या उन्हाचंच असेल. कदाचित नसेल. तूच म्हणायचीस, तीन वर्षं म्हणजे डोंगराने एकदा पापणी लववली. पण त्या उन्हाचा हिशेब करायचा तर आपल्या विळ्याचा हिशेब आधी वेगळा काढावा लागेल. नाहीतर उद्या कोणी येऊन म्हणेल की हे पोरांनी उपटलं आणि डोंगर तापतोय म्हणून बोंब मारली, आणि खरं तापलेलंही कोणी मानणार नाही. म्हणून तुझ्या नियमाला मी माझ्याकडून एक तुकडा जोडलाय. नव्या पोरांना शिकवायलाही लागलोय. दिसलं ते लिही, दिसलं नाही ते लिही, आणि आपण केलं तेही लिही. क्लबात बैठक झाली. दोघे-तिघे दादावर उखडले, एक जण माझ्यावर. पण ठरलं ते ठरलं: खोबणीत कोणीही बोल्ट मारणार नाही, आणि यापुढे कुठलाही टप्पा झाडण्याआधी त्या टप्प्याचा पावसाळ्यातला फोटो बघायचा.

या हिवाळ्यात मी उसाला जाणार नाही. वडिलांना सांगितलं. फोनवर मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. ते म्हणाले, तिथं नुसता दगडच असतो ना, मग राखायचं काय? मी म्हटलं, माती. पौषात तिथे काहीच दिसत नाही, म्हणूनच कोणीतरी असायला पाहिजे. त्यांना पटलं की नाही माहीत नाही, पण म्हणाले, थंडी असंल, घोंगडी घेऊन जा. माझ्या घरी याला होकार म्हणतात.

आणि आता हे पत्र का, ते. तुझ्या पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या सरांचा फोन आला होता, मी माथ्यावर असताना. दसऱ्यानंतर पुण्यात सभा आहे, तू तुझी रेष मांडणार आहेस, आणि तुझं झाल्यावर कड्यावर काम करणारा गिर्यारोहक म्हणून मी दोन शब्द बोलावेत अशी त्यांची इच्छा आहे. मी हो म्हटलं. खोबणीबद्दल त्यांना काही बोललो नाही, आणि या नोंदी तुझ्याशिवाय कोणालाही पाठवलेल्या नाहीत. या पत्राबरोबर येतायत त्या पहिल्या आणि एकुलत्या. पण त्या व्यासपीठावर मी उभा राहिलो की मला जे दिसलं तेच सांगेन. तुझ्यासाठी मी काय काय करेन याची यादी मोठी आहे, त्यात खोटं बोलणं नाही. तुझ्यानंतर उठून तुझी रेष मी पुसावी, हे मात्र मला जमणार नाही. म्हणून तू आधी बोल. तुझी चूक तूच शोधलीस, तूच दुरुस्त केलीस, असं सगळ्यांना तुझ्या तोंडून कळू दे, माझं नाव कुठेही नको. कागदावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः ये. दसऱ्याच्या आत, फुलं आहेत तोवर. कानिफदादा माथ्यावर असेल, मावशीने नाचणी दळून ठेवलीय, आणि खोबणीत तुला उतरायचंय. मी खाली उभा असेन, दोर धरून. तू म्हणाली होतीस मला थांबता येत नाही. येऊन बघ.

तू येईस्तोवर आणि आली नाहीस तरीही, कड्याखालीच असलेला
तुझाच,
अंगद